उलटं वाचणारी

लंडनमध्ये कसाईबाजाराच्या पाठीमागे
विधवा डॉर्कस पेलिंगचा छापखाना.
खाली यंत्र, वर दोऱ्यांवर ओले ताव,
आणि जिन्याखाली मी, केझाया,
घडी घालणारी, टाचणारी.
शंभर पुस्तिकांमागे दोन पेनी,
सुई मोडली तर माझ्या पैशाने.

सोमवारी आम्ही छापायचो
‘चर्चला धोका आहे’.
गुरुवारी, त्याच खिळ्यांनी,
‘चर्चचा धोका आहे’.
एक प्रत्यय उचलायचा, दुसरा बसवायचा,
वर हातोडीने हलकेच ठोकायचं.
मालकीण म्हणे, शिशाला कसला धर्म,
शिशाला वजन असतं
आणि मला कागदवाल्याची उधारी.

रात्री फर्मा सुटला की
म्हातारा जेफ्था कॉली खिळे घरात परत टाकायचा.
त्याची दृष्टी गेली तशी माझी बोटं कामाला आली.
हा अमुक, हा तमुक, हा त्याचा भाऊ.
अशी मी वाचायला शिकले, शिशात,
उजवीकडून, उलटं.
कागदावर तीच अक्षरं
पाठ फिरवून उभी असायची,
रुसलेल्या नातेवाइकांसारखी.

एक ‘जी’ होता, शेपटी तुटलेला.
आमच्या भाषेत तो देवालाही लागतो
आणि राजालाही.
कॉली म्हणायचा, फेकून दे.
मालकीण म्हणायची, नवा तू घेऊन देणार?

मग सरकारी माणूस आला, फेब्रुवारीत,
बूट न पुसता.
दोन्ही पुस्तिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या
आणि दोन्हींत त्या तुटक्या शेपटीवर नख टेकवलं.
हे कुणी लिहिलं?
मालकिणीने कानांवर हात ठेवले.
मग माझ्याकडे. वाच.
बायबलवर हात ठेवून मी सांगितलं,
मला कागदावरचं वाचता येत नाही.
ते खरं होतं.
खोकणारा तो तरुण पाद्री,
जो अख्खी दुपार एकाच शब्दाशी झटत बसायचा
आणि जाताना माझ्या सुईसाठी मेणाचा तुकडा ठेवायचा,
त्याच्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही.

मालकिणीला तासभर खोड्यात उभी केली.
पण कोणत्या पुस्तिकेसाठी,
ते गर्दीत कुणालाच नीट माहीत नव्हतं,
म्हणून अंडी दोन्हीकडून आली.
एका बाईने फुलं फेकली,
मग शेजारणीने कानात काही सांगितलं
तशी तिने टोपलीतला सलगम उचलला.
मालकीण मान अडकलेली असतानाही
ओठांनी काहीतरी मोजत होती.
नंतर म्हणाली, अंडी. चाळीस.
एवढ्यात रिमभर कागद आला असता.

यंत्र गेलं. खिळे पोत्यांतून गेले.
तुटका ‘जी’ माझ्या झग्याच्या दुमडीत राहिला,
मीच शिवला होता तिथे.

आता मी लाँड्रीत काम करते, नदीकाठी.
परवा चीज घेतलं, अर्ध्या पेनीचं,
बांधून दिलं छापील कागदात.
टाक्यांची भोकं ओळखीची.
अंतर माझं, तिरकेपणा माझा.
कागद धुण्याच्या बादलीवर धरला,
पाणी स्थिर होईपर्यंत थांबले,
आणि अक्षरं वळली,
एक एक करून, माझ्याकडे तोंड करून.

चीजच्या तेलाने बाकी सगळं खाल्लेलं.
एवढंच उरलं होतं, शेवटच्या पानावर, बारीक खिळ्यात:
मुद्रकाची चूक.
पान बारा, ओळ नववी,
‘भय’ असे छापले आहे
तेथे ‘अभय’ वाचावे.

पान बारा मीच टाचलं होतं.
अकराशे प्रती.
त्या कुणाकुणाच्या घरी गेल्या,
आणि शेवटच्या पानापर्यंत किती जण पोचले, देव जाणे.

मालकिणीने हाक मारली, चादरी थंड होतायत.
मी चीज खाल्लं.
कागद पाण्यात पडला, तो काढला नाही.