लायनीच्या शेवटाला

एकतीस वर्षं मी या गावाचं पाणी सोडलं.
खांद्यावर लोखंडी चावी, सायकलच्या कॅरियरला बॅटरी,
पहाटे तीनला मंगळवार पेठ, साडेचारला राजारामपुरी.
कुठल्या गल्लीला किती आटे फिरवायचे
ते मनगटाला पाठ होतं,
कागदावर कुठंच नव्हतं.
पाणी आलं की कुणी नाव काढायचं नाही,
नाही आलं की सात पिढ्यांचा उद्धार.

आणि घर बांधलं कुठं, तर टेंबलाईच्या चढाला,
लायनीच्या शेवटाला.
दिवसाआड येतं. आधी नळ खोकतो,
मग नुसती हवा, मग करंगळीएवढी धार,
दुसरी घागर भरेस्तोवर गेलेलं असतं.
शालन म्हणते, बघा,
चावीवाल्याच्या घरात कसली चंगळ!

तिनं आधी गुलाब लावले होते, सात कुंड्या.
एक पाळी चुकली की मानपानाला आलेल्या
व्याह्यांसारखी तोंडं.
मे महिन्यात तिनं सातही कुंड्या उपड्या घातल्या
आणि माझ्याकडं बघितलं,
गल्लीतल्या बायका बघायच्या तसंच.

मग मी कोरांटी आणली.
गुंडू चौगुल्याच्या बांधावरनं, वीतभर काड्या, ओल्या फडक्यात.
मुरूम एवढा की पहारीच्या टोकाला ठिणगी.
पहिलं वर्ष पाजलं, खोटं कशाला बोलू,
भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, सगळं.
पण रोज नाही. आज भरपूर, मग पाच दिवस काही नाही,
मग आठ.
मुळाला खाली जायची सवय लावावी लागते,
वरवर ओलं मिळालं तर ते तरी कशाला खोल जाईल?
मार्गशीर्षात पिवळी झाली. काटे आहेतच.
शालननं चार फुलं तोडली, बोट चोखत घरात गेली,
काही बोलली नाही.

बोगनवेलीचं तर उलटंच.
लाडानं पाजलं तर नुसता पाला,
तहान लागली की गेट झाकून टाकते.
सदाफुली आम्ही लावलीच नाही,
मीटरच्या पेटीखालच्या फटीत आपली आपण आली,
भाडं न देता राहते.
गुलबक्षीचे गड्डे उन्हाळाभर मातीत मेल्यासारखे पडून,
मग एक दिवस पानं, मग कळ्या,
आणि त्या उघडतात बरोबर पाचला.
पाचला मी शाहूपुरीची पाळी सोडायचो.
अजून पाच वाजले की हात चावी शोधतो.

पुराच्या वर्षी खाली पंचगंगा दारादारांत शिरली,
उपसा केंद्र बुडालं,
गावभर पाणी आणि नळाला थेंब नाही.
रात्रभर टँकरच्या मागं फिरून वर आलो
तर कोरांटी तशीच,
तिला ना त्या पाण्याचं कौतुक, ना भीती.
मी तिच्याशेजारी बसून डबा खाल्ला.

आषाढात नदीचं नवं पाणी टेंबलाईला येतं.
पी-ढबाक वाजत चढ चढतं, पोरींच्या डोक्यांवरून,
पंप नाही, व्हॉल्व्ह नाही.
दरवर्षी मी गेटात उभा राहतो,
एवढं पाणी या चढाला
माझ्या हातानं कधी आलं नाही.

यंदा देवळाकडनं उतरताना एक पोर थांबली.
नवं परकर-पोलकं, कळशीच्या तळाला गढूळ ओंजळभर उरलेलं.
"आजोबा, ह्या झाडाला घालू?"
कोरांटीच होती.
तिला नको असतं गं, म्हणणार होतो,
मुळं कुजतात, आधीच पाऊस आहे,
तोंडात सगळं तयार होतं.

शालन आतनं म्हणाली, घालू दे की.
पोरीनं कळशी दोन्ही हातांनी कलती केली,
अगदी हळू,
जसं कुणी आटे मोजतंय.