गाळ

सोसायटीच्या बर्फाच्या मशीनमागे
दोन टाक्या आहेत, काळ्या रसाच्या.
रस म्हणावा तर धड वाहत नाही,
चिखल म्हणावा तर खाली बसत नाही.
उरकुडा चाचेरे पहिल्याच दिवशी झाकणाच्या काचेतून बघून म्हणाला,
"हे त काजळाचं पिठलं झालं, पोरी."

खारट पाण्यात कालवलेली धातूची भुकटी,
सोबत कोळशाची, काजळाहून बारीक.
दुपारी पाळीवरच्या सोलरमधून ऊन उतरतं
आणि कणाकणात जाऊन दडतं.
टाकी जेवढी मोठी तेवढी रात्र निभते,
मधली पेटी जेवढी रुंद तेवढा जोर.
एवढं मला शिकवलं.
बाकीचं मी पंपाच्या आवाजावरून शिकले :
पातळ झालं की कण तळ गाठतात,
दाट झालं की नळीचा घसा धरतो.

मार्चातल्या एका रात्री, अडीचला,
काटा खाली आला.
मी पंप वाढवला.
काटा आणखी खाली.
बाहेर साकोलीची गाडी उभी,
खोक्यांत रोहू, वर ओली पोती,
आणि ड्रायव्हर सारखा हॉर्नवर.

फोनवर बोरघाटे मॅडम, झोपेतल्या आवाजात :
"वाढवू नका. थांबवा.
कोळशाचे कण हात धरून उभे असतात,
त्यांच्या हातांवरूनच वीज जाते.
जोरात ओढलं की हात सुटतात."

मला आमचा तलाव आठवला,
गाळ काढायचा तो उन्हाळा.
तळापासून पाळीपर्यंत बायांची रांग,
घमेलं या हातातून त्या हातात.
मुकादम ओरडला, भरभर, भरभर,
आणि रांगेत भगदाडं पडली,
गाळ वाटेतच सांडला.
मग पाणी प्यायला सगळ्या थांबल्या.
उठल्या तेव्हा कुणी न सांगता
रांग पुन्हा लागलेली होती.

पंप बंद केला.
नव्वदपर्यंत मोजलं.
काटा हलला, लाजत लाजत.
एक घास पुढे ढकलला. थांबले.
पुन्हा एक घास.

उरकुडा दारातून डोकावला :
"चालू हाय का बंद?"
मी म्हटलं, "दोन्ही."
तो बिडी न पेटवता तसाच बसून राहिला.

चारच्या सुमाराला बर्फ पडला,
पहिली लादी अर्धी, मधेच चिरलेली.
ड्रायव्हरनं तीच आधी उचलली.