अंगठा

अर्ज लवकरचा होता, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेचा,
आणि मी होतो सुपीरियर सरोवराच्या मधोमध,
साठ हजार टन लोहखनिजाच्या डोक्यावर
बावीस माणसांसाठी वाटाण्याचं सूप ढवळत.

ऐलीनं बजावलं होतं : बाबा, पालकांची सही लागते.
त्यांनी घेतलं तर तिथंच जायचं,
दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही,
असं लिहून द्यायचं असतं.
सतरा वर्षांच्या पोरीकडून केवढी शपथ!
माझ्या लग्नातही मी
इतकं बारीक अक्षर वाचलं नव्हतं.

व्हाइटफिश पॉइंटपाशी फोनला दोन काड्या आल्या.
एका हातानं कठडा धरून
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं काचेवर सही ओढली.
फिनलंडहून आलेले पणजोबा
खाणीच्या हजेरीवर फुली मारायचे.
तीन पिढ्या शाळेत घालून
आम्ही अंगठ्यापर्यंत पोचलो.

डिसेंबरात होकार आला.
डोरीननं केक आणला, बेकरीवाल्यानं
नावातलं एक अक्षर गाळलं होतं,
आम्ही तसाच कापला.
पहिला घास तोंडात असतानाच ऐली म्हणाली,
मी त्यांना एक वर्ष थांबायला सांगणार आहे.
चिलीला जातेय. चिलोए नावाचं बेट आहे,
तिथं एक बाई होड्या बांधते.

डोरीन उठून ताट धुवायला लागली.
ताट धुतलेलंच होतं.
मी म्हटलं, मग एवढी घाई कशाला केलीस?
"घाई केली म्हणूनच तर.
नांगर टाकलाय, बाबा. आता साखळी सोडतेय."

चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना
मिसेस योकेला हळहळल्या : अख्खं वर्ष वाया!
वाया हा शब्द मी फक्त कांद्याच्या सालींना वापरतो,
आणि त्यांचंही मी पाणी काढतो, रश्शाला.

जानेवारीत कालव्याचे दरवाजे मिटले.
दर वर्षी मिटतात. बोट दहा आठवडे
डुलूथच्या गोदीत, बर्फात, दिवे मालवून उभी राहते.
माणसं तिच्या पोटात शिरून गंज खरवडतात,
इंजिनाचा एकेक तुकडा चादरीवर मांडतात.
तिला कुणी विचारत नाही, बाई, तुझं पुढं काय?
हे मला फार थोर सुचलं असं वाटलं,
सांगायला ऐलीच्या खोलीत गेलो,
तर ती हेडफोन लावून भिंतीला विचारत होती, स्पॅनिशमध्ये :
खिळे कुठे आहेत? खिळे कुठे आहेत?

परत फिरलो. मला माहीत नव्हते.

ऑगस्टमध्ये गेली.
कॉलेजचं पत्र फ्रिजवर आहे, माशाच्या चुंबकाखाली,
साल खोडून पुढचं साल घातलेलं.
डोरीन दूध काढताना त्याला खांदा लावते,
ते तिरकं होतं, मी सरळ करतो,
आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

फोनवर सांगते, दोन्या एर्मिन्दा फळ्या वाफवतात.
वाफेतून काढली की एखादंच मिनिट मिळतं वाकवायला.
थांबलात तर लाकूड आपलं म्हणणं धरून बसतं.
आणि कच्ची काढली तर?
तडकते, बाबा. माझ्या तीन तडकल्या.
तीन म्हणताना तिचा आवाज असा,
जणू बक्षिसं मोजतेय.
मी तासभर वाफेबद्दल बोललो असतो,
आयुष्य तिच्यातच गेलंय माझं,
पण तिकडे कुणीतरी हाक मारली,
ऐ-ली, दोन तुकडे करून, आमच्यासारखीच.

पुन्हा नोव्हेंबर. पुन्हा वाटाणे.
या वर्षी कुणाला माझी सही नकोय.
तरी व्हाइटफिश पॉइंट आला तसा
हात पुसून वर गेलो,
दोन काड्या आल्या, गेल्या, एक आली.
कठड्यापाशी उभा राहिलो
अंगठा उगाच तयार ठेवून,
खालून करपल्याचा वास येईपर्यंत.