चेर्दाच्या चढावर

वर्षातून एकदा, मे महिन्यात, ती येते.
लाल, उघडी. बोनेटला चामडी पट्टा,
दुखरी कंबर आवळून बांधावी तसा.
मागची सीट नाही, डिकी नाही, टप नाही.
सगळं गाव कडेला उभं, पाद्रीबुवासुद्धा.
यंदा तिसऱ्या वळणावर तिला धाप लागली.
फुस्स् वाफ, आणि गप्प.

मागून मी. माझी पांडा, विटक्या हिरव्या रंगाची,
दाराला गाढवाच्या लाथेची खळी,
मागे आर्टिचोकची दोन खोकी,
पुढे आई, पट्टा लावून.
सोम, बुध, शुक्र
तेर्मिनीच्या इस्पितळात रक्त धुऊन आणायचं.

मालक मिलानचा. हातमोजे काढत म्हणाला,
"सत्त्याण्णव वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर!"
पांडाचा आकडा मी सांगितला नाही.
दोन लाख शहाऐंशी हजार,
आणि त्यातले बरेचसे याच एका रस्त्यावरचे.

आई म्हणाली, उतरव मला.
काठी टेकत गेली, डावीकडच्या
अरुंद खाचेत हात घातला.
"इथे बसायचे बाबा.
स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. हा दांडा तेवढा.
पेट्रोलला दाब द्यायचा हाताने, सात-सात तास.
फोटोत बाबांचं फक्त कोपर आलंय."
मालकाला गांदोल्फो हे नाव ठाऊक नव्हतं.
का असावं?

दांडा तिने दाबला. एकदा. पुन्हा.
सुया टोचून फुगलेली दंडाची शीर थरथरली.
त्या हाताला जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.
मी दोर शोधत राहिलो.

पहिला गिअर, क्लचचा जळका वास,
पांडा ओढतेय, रांगतेय,
आणि आरशात ती लाल, मुकाट.
मालक स्टिअरिंगवर. शेजारी आई,
ना पट्टा, ना टप.
ताशी बारा किलोमीटरच्या वाऱ्याने
तिचा रुमाल सुटला, तरी तिने धरला नाही.
पंप मारतेय. पेट्रोल जायचं नव्हतंच कुठे.

गाव टाळ्या वाजवत होतं. कुणाला, कोण जाणे.
माझ्या शेजारची सीट रिकामी.
वळणावर सवयीने
माझा उजवा हात आडवा गेला,
ती पुढे झुकू नये म्हणून.