एक चक्कर मारून येते

आगीचा बंब आज बाहेर, बर्फात उभा,
आणि त्याच्या जागी आमची टेबलं.
फरशीवर ऑइलचा जुना डाग आहे,
तो दर वर्षी माझ्याच वाट्याला येतो.
मी त्यावर खोका सरकवते, वर चमचे मांडते :
बर्चचे, सफरचंदाचे,
आणि एक प्लमच्या लाकडाचा,
जो विकला जाऊ नये असं मनात आहे
म्हणून त्याची किंमत तिप्पट.

केप ब्रेटनच्या या किनाऱ्यावर
नाताळाआधीचा हा शनिवार म्हणजे
वर्षभर न भेटलेल्यांनी
एकमेकांच्या कोटावरचं बर्फ झटकायचं.
एफी जॅमच्या बाटल्यांना चौकड्यांची टोपडी घालते,
सांगते, गुडघा नवा बसवलाय,
आणि टेबलाभोवती फेरी मारून दाखवते,
सायकल घेतल्यासारखी.

लोक येतात. चमचा उचलतात, हुंगतात
(सगळेच हुंगतात, का कोण जाणे),
खळग्यातून अंगठा फिरवतात,
उलटा करून किंमत वाचतात
आणि परत ठेवतात, झोपलेलं मूल ठेवावं तसा.
'एक चक्कर मारून येते हं.'

बावीस वर्षांत या वाक्याच्या जाती कळल्या मला.
मान तिरकी असेल तर येणार नाही.
पर्स चाचपली तर, कदाचित.
नवऱ्याकडे बघत म्हटलं
तर येतो तो, एकटा, चारच्या सुमारास,
म्हणतो, लवकर गुंडाळ, ती केकपाशी आहे.

दाराजवळचं टेबल आर्डिथचं.
हातमोजे. पांढऱ्यावर निळे मासे,
दर जोडीत एक मासा उलटा पोहणारा,
तो मुद्दाम.
यंदा तिथे लॉकी बसलाय.
जन्मभर लॉब्स्टरचे पिंजरे ओढलेले हात
मांडीवर, रिकामे.
तिच्या पेटीत उरलं होतं ते घेऊन आलाय.
कुणी किंमत विचारली की तोच विचारतो,
'ती काय घ्यायची?'
लोक जास्तच देतात,
तो सुटे परत करू बघतो
आणि त्याच्याकडे सुटे नसतात.

जेवणाच्या वेळी माझं टेबल एफीवर टाकून गेले.
पेटीच्या तळाशी एकच हातमोजा, डावा.
दुसरा नुसताच मनगटापर्यंत, सुया अजून त्यातच.
'एकच आहे,' लॉकी म्हणाला,
जसं काही मला मोजता येत नाही.

तिची वीण मला येते.
दोन हिवाळे तिच्या चुलीपाशी बसून शिकले,
मग कंटाळून चाकू हातात घेतला.
मासा कुठे वळवायचा तेही ठाऊक आहे.
सुयांकडे माझा हात गेला,
आणि लॉकीने पेटी जराशी आपल्याकडे ओढली.
बरं.
'मग हा डावा केवढ्याला?'
त्याने पुष्कळ विचार केला.
'अर्ध्या किमतीला.'
आम्ही दोघं हसलो. एफीने पलीकडून विचारलं, काय झालं,
तर सांगता येईना.

गेल्या वर्षी याच सुमारास
बुटाचे बंद बांधता बांधता आर्डिथ माझ्यापाशी आली होती,
प्लमचा चमचा उचलून, दर वर्षीसारखा,
'एक चक्कर मारून येते' म्हणाली होती.
मान तिरकी होती का?
मी सुटे मोजत होते.

आज एका माणसाने त्याचे पूर्ण पैसे काढले.
मी म्हटलं, माफ करा,
तो ठेवलाय एकीसाठी.

मग टेबलं मिटली, बंब आत आला,
थेट आपल्या डागावर उभा राहिला.
गल्ल्यात एकशे चाळीस डॉलर, शिवाय चार बाटल्या जॅम,
त्यातली एक मी मागितली नव्हती.
घाटात बर्फ वाढलं.
स्टिअरिंगवर डावा हात उबेत,
आणि उजवा असा गार,
की दर वळणावर
त्याची आठवण होत होती.