दातांनी

स्प्रूसची फळी आली, पण खोक्यात थंडी नव्हती.
आम्ही वास घेऊन पाहिला.
ताताय म्हणाले, बर्फाला वास नसणारच,
आणि फळी उन्हात तिरपी धरून रेषा मोजू लागले.
एका बोटाच्या रुंदीत एकवीस.
एकवीस हिवाळे.
आमच्या माक्तान बेटावर एकही नाही.

पाठीला कामागोंग.
काळं, पण निव्वळ काळं नाही,
मध्येच पाक करपल्यासारखी एक तपकिरी लाट.
हे झाड तोडायला बंदी आहे. कागद लागतो.
आमच्याकडे कागद आहे:
सान रेमिहियोच्या एका पलंगाची उशाकडची फळी
विकत घेतल्याची पावती, खाली म्हातारीचा अंगठा.
या पलंगावर माझी नऊ बाळंतपणं झाली, ती म्हणाली,
आणि भाव एका पेसोनेही उतरवला नाही.

मान नांगकाची, म्हणजे आपल्या फणसाची,
हळदीइतकी पिवळी.
दहा वर्षांनी ती मधाच्या रंगाची होईल
बर्गेनमधल्या कुणाच्या तरी तळहाताखाली.
त्याने पत्रात लिहिलं होतं, आवाज खोल हवा.
खोल म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं.

बाजूच्या पट्ट्या ओल्या करून
तापलेल्या नळीवर वाकवायच्या.
घाई केली की कड्‌कन जातात,
आणि कुणाकडे पाहायचं नसतं त्या वेळी.
रोन्नेलच्या हातून एक गेली.
कुणी पाहिलं नाही.

आमच्या छपरावरून दर थोड्या वेळाने विमान जातं.
सगळ्या अबुनोला सवय आहे:
रंधा थांबतो, चहाडी अर्ध्यात थांबते,
ठोकून पाहणारं बोट फळीच्या वर
वीतभर अंतरावर थांबतं.
विमान गेलं की चहाडी पुढे सुरू.

त्या मंगळवारी सोलचं विमान पत्रे हलवत गेलं
आणि तातायचं बोट थांबलं नाही.
टक, टक. मान कलती करून,
ऐकल्यासारखं.
मी रोन्नेलकडे पाहिलं.
तो सरसाच्या भांड्यात बघत राहिला.
म्हणजे त्याला माहीत होतं.

रात्री कारखान्यात दिवा दिसला.
स्प्रूसच्या पोटाला कमच्या चिकटवून झाल्या होत्या.
मधल्या कमचीचं टोक ताताय दातांत धरून बसले होते,
डोळे मिटलेले,
आणि अंगठा फळीच्या मध्यावर हळूच आपटत होता.
मग पटाशीने केसभर छिलका काढला.
पुन्हा दात. पुन्हा अंगठा.
भुश्यात त्यांची चप्पल बुडालेली.

मी समोर जाऊन उभी राहिले.
कधीपासून? मी विचारलं.
त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, कानाकडे बोट नेलं,
अर्ध्यातून परत आणलं आणि जबड्यावर टेकवलं.
हाडाला येतं, म्हणाले.
कानापेक्षा खरं येतं. कान फार दयाळू असतो.

मग ती फळी माझ्यापुढे केली.
मी चावले.
आधी नुसती लाकडाची चव, जराशी राळ,
मग त्यांचा अंगठा पडला
आणि कवटीच्या आत, अगदी माझ्या मागे उभं राहून
कुणीतरी बोललं.
विहिरीएवढं खोल नाही. पलंगाखालच्या अंधाराएवढं.
पुरे, मी मानेने सांगितलं.
अजून एक छिलका, त्यांनी सांगितलं.

पेटी बंद करायच्या दिवशी आई म्हणाली,
तेवढे दातांचे वण घासून टाक,
गिऱ्हाईक आरसा घालून बघतं.
काचकागद माझ्या हातात होता.
दोघांचे वण होते, एकावर एक,
माझा पुढचा दात तिरका, तो ओळखू येत होता.
मी कागद तसाच घडी करून ठेवला.

आत चिकटवायच्या चिठ्ठीवर साल लिहायचं,
गाव लिहायचं, लाकडं लिहायची.
स्प्रूस, लिहिलं. कामागोंग. नांगका.
लेखणी पुढे उचलेना.
तेवढ्यात विमान आलं.
मी बाकावर तळहात ठेवला, त्यांना कळावं म्हणून.
त्यांचा हात आधीच थांबला होता.