साडेचार पोती

डिसेंबरात आम्ही जमतो, बोगमाळोच्या चढावर,
संग्रहालयाच्या आवारात
जिथं सी हॉक उभं असतं पंख दुमडून,
देवळाबाहेर चपला राखत बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.
दर वर्षी एखादा कमी.
या खेपेला कुरियाकोस नाही,
त्याच्या मुलानं पाठवलेलं
केळ्याच्या वेफर्सचं पाकीट तेवढं आलं.

कमांडर चेंगप्पा काठी बगलेत धरतात
आणि हात तिरका करून दाखवतात
नाक खाली कसं घालायचं, वर कधी ओढायचं.
वैमानिक कितीही थकला
तरी गोष्ट तळहातानंच सांगतो.
आम्ही जमिनीवरची माणसं.
आमची गोष्ट बोटांच्या टोकांत:
हलत्या डेकवर, अंधारात
चाचपून लावलेली एक पिन,
ओढून पाहिलेली,
पुन्हा ओढून पाहिलेली.

नीहार फोंड्याचा, दहावीत.
त्याच्या वहीत प्रत्येक शेपटीचा आकडा,
कुठलं कधी आलं, कुठलं कधी समुद्रात गेलं.
आजोबा, इंजिन काडतुसानं सुरू व्हायचं ना?
व्हायचं, बाबा. धाड्‌कन.
तो वास केसांत राहायचा.
घरी बायको म्हणायची,
दिवाळी संपली, तुमची संपेना.

मग एकाहत्तर. ते दर वर्षी निघतंच.
ट्रॉलीवरच्या बॉम्बांवर पोरं खडूनं लिहायची,
कुणी शिवी, कुणी गावाचं नाव.
मी काही लिहिलं नाही. मी मोजायचो.
चार गेली.
चार आली.
रॅक रिकामे.
रिकामा रॅक म्हणजे दिवस चांगला.
कुठं रिकामा झाला, हे कमांडरांना दिसायचं,
मला परतलेलं विमान दिसायचं,
त्याच्या पोटावरचं मीठ,
आणि पुढची खेप.

सिप्रियान चिखलीचा, बंदरावर क्रेन चालवायचा.
हा आमच्यातला नव्हे, तरी येतो,
खाज्याची पुडी घेऊन, आणि ऐकत बसतो.
सात वर्षांत तोंड उघडलं नव्हतं.
परवा म्हणाला,
हांव णव वर्सांचो आसलों, एकसष्टांत.
आणि हनुवटीनं धावपट्टीकडे दाखवलं.

आवाज नंतर आला, म्हणाला.
आधी जमीन उचलली.
चुलीवरची पेज सांडली नाही, नुसती थरथरली,
तिच्यावर वर्तुळं उठली, आत आत जाणारी.

नीहारनं पेन काढलं.
विमान कुठलं? कॅनबेरा असणार.
किती होती? किती उंचावर?

सिप्रियान म्हणाला,
तें म्हाका खबर ना.
हांव आवयक पळयतालों.

ते विमान आमचं नव्हे, मी म्हणालो,
ते हवाई दलाचं, पुण्याहून आलेलं.
इतक्या घाईनं का म्हणालो,
ते माझं मलाच कळेना.
कमांडरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.
वरून एक प्रवासी विमान उतरलं, रशियनांनी भरलेलं,
तेवढा वेळ कुणालाच बोलावं लागलं नाही.

मग तो उठला.
पंखाखाली वाकला, गुडघ्यावर हात ठेवून,
आणि विचारलं, हांगा?
मीही वाकलो. इथंच, म्हटलं.
हा आकडा, ही पकड. पकड सुटली की झालं.
त्यानं बोट लावलं. बोटाला गंज आला.
तो पँटला पुसला त्यानं, दोनदा.

वजन कितलें?
पाचशे पौंड.
क्रेनवाला माणूस, त्यानं मनात हिशेब केला,
डोळे बारीक करून,
जसं एखादं ओझं खरंच उचलायचं असावं.
साडेचार पोतीं, म्हणाला. उकड्या तांदळाचीं.

चाळीस वर्षं मी ते वजन
पौंडातच ओळखत होतो.

नीहारनं लिहून घेतलं.
मी वाकून पाहिलं:
शेपटीच्या आकड्यासमोर,
वेग, पल्ला, इंजिन यांच्या खाली
एक नवी ओळ,
आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

खाजें खावचें मरे, सिप्रियान म्हणाला,
मऊ पडटा.